कानातलं पाणी, घाटातली वळणं



आज बोलायचंय ते गाडी लागण्याबद्दल. विषय ऐकून कुणी हसेल, पण ज्या बाईला गाडी लागते तिला विचारा. १७ मार्च २०२३ पासून आपलं एसटीचं तिकीट अर्धं झालं. तरीही प्रत्येक गटात दोघी-तिघी अशा असतातच, ज्या तालुक्याला जायचं म्हटलं की मागे सरतात. ‘तुम्हीच जाऊन या गं, मला गाडी सोसत नाही,’ म्हणतात. मग बँकेत सहीला दुसरी जाते, प्रशिक्षण दुसरी घेते, बैठकीत दुसरी बोलते. दवाखान्याची तारीख चुकते. लेकीकडे जाणं वर्षावर पडतं. तिकीट अर्धं झालं, पण पोट गाडीत बसू देत नाही.

दुसरी गोष्ट दारूची. गडावर जायला, लग्नाला, देवकार्याला आपण गाडी ठरवतो. ड्रायव्हर आदल्या रात्री ‘बसलेला’ असतो. पहाटे तोंड धुऊन, चहा घेऊन, भांग पाडून तो गाडीशी उभा राहतो. वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. आपण देवीचं नाव घेतो आणि बसतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण संबंध आहे. गाडी लागते तीही कानामुळे, आणि प्यायलेल्या माणसाला खाट फिरल्यासारखी वाटते तीही कानामुळेच. कानाच्या आतली ती जागा एकदा नीट समजली, की स्वतःला काय करायचं ते कळतं आणि ड्रायव्हरला काय विचारायचं तेही कळतं.

रॅलीतला वहीवाला

आपल्यापेक्षा कितीतरी जास्त गचके खाणारी माणसं आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू.

मोटारींची रॅली नाशिकला नवी नाही. राष्ट्रीय रॅली स्पर्धेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी नाशिकमध्ये भरलेली आहे. अशा स्पर्धेत गाड्या कच्च्या, दगडमातीच्या रस्त्यांवरून धुरळा उडवत जातात. गाडीत दोघं असतात. एक चालवतो. दुसरा शेजारी बसून वही वाचतो. त्याला को-ड्रायव्हर म्हणतात. स्पर्धेच्या आधी दोघं तोच रस्ता हळू वेगाने पाहून येतात आणि प्रत्येक वळण वहीत उतरवतात. डावं वळण, पुढे आवळतं, मग शंभर मीटर सरळ, मग उतार, दगड आहे, कापू नको, अशा थाटात. स्पर्धेच्या वेळी को-ड्रायव्हर हे मोठ्याने वाचत जातो आणि ड्रायव्हर त्याच्या शब्दावर विसंबून स्टिअरिंग फिरवतो. २०१९ मध्ये गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारशर्यतीतल्या खेळाडूला पहिल्यांदाच. त्यांच्या शेजारी बसून बरीच वर्षं वही वाचणारे मुसा शरीफ हे केरळातल्या कासरगोडचे.

हौशी लोकांची रॅली वेगळी असते. तिच्यात वेगाची चढाओढ नसते. ठरलेल्या सरासरी वेगाने, रहदारीचे नियम पाळून, ठरलेल्या वेळी ठाण्यावर पोचायचं असतं. उशीर झाला तरी गुण जातात आणि लवकर पोचलं तरी जातात. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने अशी खास बायकांची रॅलीही भरवली आहे, मुंबईहून लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीपर्यंत. गाडीत चौघी, एक चालवणारी, बाकीच्या घड्याळ, किलोमीटर आणि कागदावरच्या खुणा सांभाळणाऱ्या.

आता सांगा, या गाड्यांमध्ये उलटी कुणाला होते? चालवणाऱ्याला जवळजवळ कधीच नाही. होते ती वही वाचणाऱ्याला. रस्ता तोच, गचके तेच, गाडी तीच. नवख्या को-ड्रायव्हरला तर स्पर्धेपेक्षा आधीच्या पाहणीतच जास्त त्रास होतो, कारण त्या दिवशी गाडी तासन् तास थांबत-निघत चालते आणि मान खाली घालून लिहायचं असतं. काही हौशी माणसं याच कारणाने खेळ सोडून देतात.

यातून एक गोष्ट लगेच कळते. गाडी लागणं हा नाजूकपणा नाही आणि पोटाचा आजारही नाही. दोघांत फरक एवढाच, की एकाची नजर रस्त्यावर आहे आणि दुसऱ्याची कागदावर.

फुगडी आठवा

मंगळागौरीला, नागपंचमीला आपण फुगडी घालतो. जोरात घातली आणि एकदम थांबलो, की आपण उभ्या असतो पण घर फिरत राहतं. घर कुठलं फिरतंय? फिरत असतं ते कानातलं पाणी.

बाहेरून दिसतो तो कान फक्त आवाज गोळा करतो. आत, कवटीच्या हाडात, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो, आणि प्रत्येक नळीच्या फुगीर टोकाशी जेलीसारखा मऊ पडदा असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. पाण्याने भरलेली कळशी हातात धरून गर्रकन वळलात तर पाणी कसं मागे रेंगाळतं, तसंच. त्या मागे राहिलेल्या पाण्याने पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो, ‘डोकं वळलं.’ थांबल्यावर पाणी लगेच थांबत नाही, म्हणून फुगडीनंतर भिंती फिरतात. याच नळ्यांच्या शेजारी आणखी दोन पिशव्या असतात. त्या गाडी पुढे निघाली, थांबली, खड्ड्यात गेली, हे सांगतात.

मेंदूला तोल सांभाळायला तीन साक्षीदार लागतात: कान, डोळे, आणि पाय-पाठीच्या स्नायूंची जाणीव. तिघांची साक्ष जुळली की सगळं ठीक. आता एसटीत बसून मोबाईलमध्ये मान घातली, की कान म्हणतो, ‘आपण डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, आता खाली.’ डोळे म्हणतात, ‘छे, काहीच हलत नाही, समोरचा पडदा स्थिर आहे.’ साक्ष फुटली की मेंदू गोंधळतो. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, मळमळतं, आणि शेवटी उलटी होते. उलटीच का? विष पोटात गेलं तरी डोळे-कान असेच बिघडतात, म्हणून मेंदू सावधगिरीने पोट रिकामं करत असावा, असं एक मत आहे.

हे कानाचंच काम, याचा जुना पुरावाही आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शेकडो कर्णबधिर लोकांची माहिती गोळा केली. त्यांतल्या पुष्कळांना गोल फिरवलं तरी चक्कर येत नव्हती. ज्यांच्या कानातलं तोलाचं यंत्र पूर्ण निकामी झालेलं असतं, त्यांना गाडी लागत नाही आणि बोटही लागत नाही.

मग ड्रायव्हरला का लागत नाही? त्याची नजर रस्त्यावर असते आणि वळण यायच्या आधी ते येणार हे त्याला माहीत असतं. स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. वळणाच्या आधीच त्याचं अंग त्या बाजूला झुकतं. आपलं डोकं मात्र वळण आल्यावर उलट्या बाजूला फेकलं जातं.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांना अधिक होतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा होत नाही. शाळेच्या वयात, नऊ-दहा वर्षांच्या सुमाराला, सगळ्यात जास्त होतो आणि पुढे कमी होत जातो. तेव्हा मुलाने गाडीत उलटी केली म्हणून त्याला धपाटा घालू नका.

आपण काय करायचं

रॅलीतली मुरलेली माणसं जे करतात तेच आपणही करायचं: डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळवायची.

जागा निवडा. एसटीत पुढची किंवा मधली जागा घ्या. मागच्या चाकावरची आणि शेवटच्या बाकावरची टाळा, तिथे गचके दुप्पट वाटतात. काळी-पिवळी जीपमध्ये मागे समोरासमोर आडवे बाक असतात. गाडी एकीकडे जाते आणि आपलं तोंड दुसरीकडे; गाडी लागायला याहून वाईट जागा नाही. पण नेमकं तिथेच बायकांना बसवतात आणि पुढची जागा पुरुषांना मिळते. गटातल्या बायांनी हे बोलून बदलायला हवं. जिला त्रास होतो तिची जागा पुढे.

नजर लांब ठेवा. समोरच्या काचेतून दूरचा डोंगर, दूरचा रस्ता पाहा. खिडकीतून जवळची झाडं सर्रकन जाताना पाहू नका. मोबाईल, पोथी, हिशेबाची वही बंद. मूल लहान असेल तर त्याला बाहेर दिसेल इतकं उंच बसवा. सीटच्या पाठीकडे बघत बसलेल्या पोराला नक्की त्रास होतो. बाहेर बघणं जमत नसेल तर डोळे मिटून डोकं मागे टेकवा. डोळ्यांनी साक्षच दिली नाही, तर भांडण निम्मं मिटतं.

वारा घ्या. डिझेलचा, तंबाखूचा, उग्र अत्तराचा वास मळमळ वाढवतो. खिडकी उघडा, पण डोकं किंवा हात बाहेर काढू नका. उलटीसाठी पिशवी हाताशी ठेवा. घाटात उलटी करायला डोकं बाहेर काढणाऱ्या माणसांना समोरच्या गाडीने घासल्याच्या घटना घडतात.

खाऊन निघा, पण हलकं. रिकाम्या पोटीही मळमळतं आणि वडापाव-मिसळ चेपूनही मळमळतं. भाकरीचा तुकडा, चार बिस्किटं, केळं, एवढं पुरे. आल्याचा थोडाफार उपयोग होतो, असं तपासण्यांतही आढळलं आहे. म्हणून आलेपाक जवळ ठेवा. लिंबू हुंगून, आवळासुपारी चघळून कुणाला बरं वाटत असेल तर जरूर करावं, त्यात तोटा नाही. कागदावर बसल्याने मात्र कानातलं पाणी काही थांबत नाही. तरी मन शांत होत असेल तर बसा, फक्त खिडकीबाहेर बघायला विसरू नका.

सवय करा. हा सगळ्यात मोठा उपाय आहे आणि फुकटचा आहे. नवा को-ड्रायव्हर आधी दहा मिनिटं वाचतो, मग वीस मिनिटं. मेंदू हळूहळू शिकतो. आपणही आधी जवळच्या बाजाराला जावं, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. वर्षातून एकदाच गाडीत बसणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी पहिलाच प्रवास असतो.

आता गोळ्यांविषयी. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन अशा गोळ्या गाडी लागण्यावर चालतात. ‘अ‍ॅव्होमिन’ ही त्यांतलीच. पण त्या निघायच्या किमान तासभर आधी, काही तर दोन तास आधी घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर जाते. उलटीची म्हणून मेडिकलमध्ये पुष्कळदा ऑन्डान्सेट्रॉन देतात. ती इतर उलट्यांवर चांगली आहे, गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या प्रवासाच्या गोळ्यांनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत आणि दारूबरोबर तर कुणीच घेऊ नयेत. गरोदर बाईने, काचबिंदू असणाऱ्याने, लघवीला अडखळत होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन अजिबात देऊ नये.

आणि एक खूण लक्षात ठेवा. गाडीतून उतरल्यावर तासा-दोन तासांत हा त्रास ओसरतो. घरी बसल्या जागी चक्कर येते, बोलणं अडखळतं, एक हात-पाय जड होतो, एका कानाने अचानक ऐकू येईनासं होतं, असं काही असेल तर ती गाडी लागलेली नाही. दवाखाना गाठा.

गाडीत काय प्यायचं

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे: स्टँडवर स्वच्छतागृह धड नसतं, आणि घाटात ड्रायव्हरला ‘थांबव’ म्हणायची लाज वाटते. पण अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, चक्कर येते आणि गाडी जास्त लागते. लघवीला जळजळ सुरू होते ती वेगळीच. म्हणून निघायच्या आधी पाणी प्या, वाटेत घोट घोट घ्या, आणि गाडी ठरवतानाच दर दोन तासांनी चांगल्या ठिकाणी थांबायचं बोलून ठेवा. उलट्या झाल्याच असतील तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. गटागटा प्यायलेलं पाणी आणि फसफसणारं थंड पेय घाटात पुन्हा वर येतं. गचक्यात बाटली तोंडाला लावली तर दात लागतो, ठसका लागतो. गाडी सरळ रस्त्यावर असताना प्या.

बाटलीवरून आठवलं. रॅलीच्या गाड्यांची दुरुस्ती चालते तिथे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल भरून ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीचं औषध तसंच ठेवलं जातं. गाडीतलं कूलंट रंगीत आणि चवीला गोडसर असतं. पोराला ते सरबतच वाटतं, आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. तोंडाने नळी ओढून डिझेल काढणं तर गावोगाव चालतं. एक घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. असं काही झालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, कारण तेच औषध किंवा डिझेल परत येताना फुप्फुसात उतरतं. १०८ ला फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात बरोबर न्या. आणि आजच घरी जाऊन बघा, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत दुसरं काही भरलेलं नाही ना.

दारू कानात काय करते

आता ज्याच्यासाठी एवढं सगळं समजून घेतलं तो भाग.

कानाच्या नळीतला जेलीचा पडदा आणि भोवतालचं पाणी यांचं वजन सारखं असतं. म्हणून डोकं स्थिर असताना पडदा जागच्या जागी राहतो. दारू पाण्यापेक्षा हलकी असते. ती रक्तातून आधी पडद्यात शिरते, पाण्यात नंतर. पडदा हलका होऊन वर तरंगू लागतो. माणूस खाटेवर निपचित पडलेला असतो आणि कान मेंदूला सांगतो, ‘आपण फिरतोय.’ खाट गरगरते ती अशी. गाडीत न बसताच गाडी लागते म्हणा ना.

काही तासांनी पाण्यातही दारू पोचते, वजन सारखं होतं आणि गरगर थांबते. माणसाला वाटतं, उतरली. पण पुढे पाच-सहा तासांनंतर दारू आधी पडद्यातून बाहेर पडते, पाण्यात मात्र राहते. आता पडदा जड होतो आणि गरगर पुन्हा सुरू होते, या वेळी उलट्या बाजूने. हा दुसरा फेरा रक्तातली दारू पूर्ण संपल्यावरही काही तास चालू राहतो. म्हणजे सकाळी तोंडाला वास नाही, पोलिसांच्या यंत्रात फुंकलं तरी काही येत नाही, आणि तरीही तोलाचं यंत्र बिघडलेलंच असतं. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. घाटात, डोकं सारखं डावी-उजवीकडे वळतं तिथे जाणवतं.

म्हणून स्पर्धेत उतरलेल्या माणसाला दारू वर्ज्य आहे. हौशी माणसांची फजिती होते ती आदल्या रात्रीच्या ‘थोड्याशा’मुळे. वहीवाला आधीच कान आणि डोळ्यांच्या भांडणात सापडलेला असतो, त्यात कान रात्रभर खोटं बोललेला. पहिल्याच घाटात तो वही टाकून पिशवी शोधतो. वही थांबली की ड्रायव्हरला पुढचं वळण कळत नाही.

‘थोडंसं’ म्हणजे किती, तेही एकदा ऐकून ठेवा. व्हिस्की-रमचा ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग धरला, तर त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. नाशिकची वाइन, जिला पुष्कळ जण द्राक्षाचा रस समजतात, तिचा एक ग्लास म्हणजे जवळजवळ दीड पेग. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार पेग. आणि एक क्वार्टर म्हणजे सहा. हातभट्टीचा तर हिशेबच लागत नाही. आपलं यकृत तासाला साधारण एवढाच, एका पेगाच्या आतबाहेर, निपटारा करतं. ते घाई करत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, पण दारू उतरत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे पाचला, आपण गडाला निघतो त्या वेळी, दारू असतेच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. साठेक किलोच्या माणसाला लागोपाठ दोन छोटे पेग ही हद्द ओलांडायला पुरतात. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आकडा बाजूला ठेवा, घाट डोळ्यांसमोर आणा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे काही मोठा वेग नाही. पण त्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. दारूने ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात नांदुरीच्या वरचं वळण संपून कठडा आलेला असतो.

गाडी ठरवताना

नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगगडावर खासगी गाड्या बंद असतात, नांदुरीहून एसटीनेच वर जावं लागतं. बाकीच्या दिवशी मात्र आपली गाडी आपणच ठरवतो. कसारा घाट, राहूड घाट, सापुताऱ्याची वाट यांवर तर बाराही महिने. तेव्हा गटाच्या बैठकीत हे आधी ठरवून घ्या.

गाडीमालकाशी बोलताना भाड्याबरोबरच सांगा, की ड्रायव्हर रात्री झोपलेला आणि न प्यायलेला हवा. पहाटे तसा वाटला नाही तर गाडी परत जाईल आणि पैसे द्यायचे नाहीत. हे गटाच्या नावाने सांगा. एकटीने म्हटलं तर कुरकुर, दहा जणींनी म्हटलं तर अट.

पहाटे गाडीत बसण्याआधी दोघींनी ड्रायव्हरशी पाच मिनिटं बोलावं. ‘दादा, जेवण झालं होतं का रात्री? झोप किती झाली?’ बोलणं जड आहे का, डोळे लाल आहेत का, सारखं पाणी मागतोय का, उन्हाकडे पाहिलं की डोकं धरतोय का, हे दिसतं. नुसत्या वासावर जाऊ नका.

लग्नाला रात्री मुक्काम असेल तर ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपायची सोय आपण करायची. वऱ्हाडातले लोक त्यालाही ‘थोडी घे’ म्हणून बसवतात. त्याला आग्रह होऊ नये याची जबाबदारी यजमानीणबाईंवर टाका, त्या बरोबर सांभाळतात.

वाटेत गाडी वेडीवाकडी जाऊ लागली तर गप्प बसू नका. ‘पोराला उलटी होतेय, गाडी बाजूला घ्या’ हे कारण कुठल्याही ड्रायव्हरला पटतं. गाडी थांबली की उतरा आणि पुन्हा बसू नका. ११२ ला फोन लावा.

ड्रायव्हर परका असतो तेव्हा हे सगळं बोलायला सोपं जातं. गाडी दिराची असते, जावयाची असते, नवऱ्याची असते, तेव्हा जीभ अडते. तिथे भांडण न करता चावी आदल्या रात्रीच काढून ठेवलेली बरी, आणि निघायची वेळ दुपारवर ढकललेली बरी. रात्री प्यालेल्याने सकाळचा घाट धरायचा नाही, एवढं घरात ठरून गेलं की रोज तोंड वाजवावं लागत नाही.

आणि शेवटी, पिऊन पडलेल्या माणसाबद्दल. राग कितीही आलेला असो, त्याला उताणं पडू देऊ नका. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते आणि माणूस झोपेतच जातो. त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे ठेवा, तोंड किंचित खाली असू द्या, आणि कुणीतरी जवळ बसा. हलवूनही जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा अगदी सावकाश चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला बोलवा.

पुढच्या बैठकीला एक काम करा. गाडी लागते म्हणून मागे राहणाऱ्या मैत्रिणीला यावेळी बरोबर घ्या. तिला पुढची जागा द्या, हातात आलेपाकाचा तुकडा द्या, मोबाईल काढून घ्या आणि दूरच्या डोंगराकडे बघायला सांगा. पहिल्या खेपेला जमलं नाही तर दुसऱ्या खेपेला पुन्हा न्या. तिला काय उपयोगी पडलं ते आम्हाला पत्राने कळवा, म्हणजे इतर गावच्या बायांनाही सांगता येईल.